अप्पा, ती बाईच होती

अप्पा,

परवा तुमचं तेरावं झालं आणि काल मी सांगलीला परत आले. निघताना काकूंनी माझ्या पिशवीत नव्या अंकाच्या गॅल्या, म्हणजे तपासायची कच्ची छापील पानं, घातल्या आणि म्हणाल्या, "राजमती, पहिलं पान रिकामं ठेवलंय. यांच्याबद्दल तूच लिही."

"काय लिहू?"

"जन्म कुठला, शाळा कुठली, मास्तरकी किती वर्षं केली, ते सगळं छापखान्याचे मालक लिहून देणार आहेत. ते सोडून जे असेल ते लिही."

ते सोडून जे आहे त्यात एक खोटं आहे, अप्पा. माझं खोटं. तुमच्या तोंडावर सांगितलेलं आणि तुम्ही भाबडेपणानं खरं मानलेलं. निदान गेल्या आठवड्यापर्यंत मला तसंच वाटत होतं. त्या खोट्यापायी या अंकात एका माणसावर अन्याय होणार आहे. त्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला जाऊन दोनशे वर्षं होत आली, तरी अन्याय तो अन्यायच. गॅली माझ्यासमोर पडली आहे. कवितेच्या डोक्यावर ठसठशीत खिळ्यांत 'कवी अज्ञात' असं जुळवलंय. शनिवारी अंक यंत्रावर चढायचा आहे. म्हणून आज रडत बसायला सवड नाही. रडत रडत लिहिते आहे, ते चालवून घ्या.

हे पान तुम्हाला न ओळखणारेही वाचतील, म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडं. 'अठरावं शतक' हे आपलं त्रैमासिक. त्या शतकातली मराठी कविता, आख्यानं, लावण्या, कुणाच्या माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेली जुनी बाडं, जे हाती लागेल ते मोडीतून बाळबोधीत आणायचं, छापायचं आणि मग त्यावर सालभर भांडायचं, एवढाच आपला उद्योग. साताऱ्यात लोक तुम्हाला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय अप्पा, संपलं का शतक?" तुम्ही तोंड पाडून म्हणायचात, "कुठलं हो! अजून निम्मं पडलंय." लढाईत कागद मिळेना तेव्हा तुम्ही लग्नपत्रिकांसाठी आणलेला गुलाबी कागद छापखान्यातून उचललात आणि एक अख्खा अंक गुलाबी काढलात. तो पाहून आमच्या शाळेतल्या बाईंनी मला विचारलं, "कुणाचं ठरलं?" मी म्हटलं, "कुणा शाहिराचं."

आपली ओळखही भांडणातूनच झाली. तुमच्या एका अंकातल्या अकरा चुका काढून मी सांगलीहून पत्र धाडलं होतं. तेव्हा मी इथल्या मुलींच्या शाळेत नुकती लागले होते आणि कॉलेजात शिकलेलं सगळं कुणाला तरी दाखवायची मला घाई होती. तुमचं कार्ड आलं. "पत्र पोचले. चुका बारा आहेत. बारावी तुम्हांस दिसली नाही. रविवारी यावे." मला इतका राग आला की मी रविवारी खरंच आले. मिरजेला गाडी बदलून सातारा रोडला उतरले, तिथून मोटारीनं धूळ खात तुमच्या दारात उभी राहिले आणि नाव न सांगताच विचारलं, "बारावी कुठली?" तुम्ही हसत हसत पान उघडलंत. एका ओळीत नको तिथं अनुस्वार पडला होता. प्रूफ तपासताना तुमच्या तपकिरीचा कण कागदावर सांडला आणि कंपोझिटरनं तो इमानदारीनं अनुस्वार म्हणून जुळवला! काकू आतून म्हणाल्या, "आता तरी सोडा ती तपकीर." तुम्ही सोडली नाहीत. मीही येणं सोडलं नाही.

कामाची तुमची रीत मला पहिल्यांदा फार जाचायची. एकानं मूळ मोडी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. मनात वाचलं की तुम्ही चटकन पान काढून घ्यायचात. "मोडीत शब्द तोडलेले नसतात, राजमतीबाई, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. डोळा आपल्याला हवं ते वाचून मोकळा होतो. कानाला जरा लाज असते." मला वाटायचं, म्हातारबुवांना स्वतःचा आवाज ऐकायची हौस आहे. एकदा बेचाळीसच्या धामधुमीत पोलीस घराची झडती घ्यायला आले, तर रुमाल सोडता सोडता त्यांतला हवालदारच एक लावणी मोठ्यानं वाचायला लागला. जुन्या शाळेत मोडी शिकलेला गडी. तिसऱ्या कडव्याला थांबून, शेजारी पडलेली तुमची नक्कल बघत म्हणाला, "अप्पा, हितं तुमी चुकीचं लिवलंय. 'सजनी' न्हाई, 'साजणी' हाय." तुम्ही लगेच लेखणी घेऊन दुरुस्त केलंत. फौजदार बाहेर ताटकळत होता. पुढच्या अंकात तुम्ही त्या हवालदाराचे आभार मानणार होतात. त्याची नोकरी जाईल म्हणून काकूंनी तुम्हाला आवरलं.

आता त्या कवितेकडे येते.

कराडच्या खाली कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्यानं तो रुमाल आणून दिला. पानं कसरीनं खाल्लेली, शेवटचं पान नाहीच, त्यामुळे कवीच्या नावाची ओळही नाही. उरलेली सत्तावीस कडवी. उत्तरेकडून फौज परत आली, पण 'धनी' परत आले नाहीत. म्हणून कुणीतरी एकटंच नदीच्या काठाकाठानं वर साताऱ्याच्या बाजूला निघतं, तळावर जातं, दर राहुटीपाशी नाव विचारतं. मी आलो, मी थांबलो, मी पुन्हा निघालो. मी वाचत होते, तुम्ही बोट ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढलात आणि बराच वेळ पुसत बसलात.

मी म्हटलं, "चाकर आहे. मालकाला शोधायला निघालाय. 'धनी' म्हणतोय, आणि क्रियापदं सगळी पुल्लिंगी."

तुम्ही म्हणालात, "बाई आहे. नवऱ्याला शोधायला निघालीय."

"बाई 'मी आलो' म्हणेल?"

"आमची सखू म्हणते."

सखू म्हणजे तुमच्याकडं रतीब घालणारी. माहेर कराडच्या खालच्या अंगाला, लग्न होऊन साताऱ्याशेजारी आलेली. सकाळी दारात घागर टेकवून ओरडायची, "आलो वं काकू!" त्या दिवसापासून तुम्ही वही घेऊन ओट्यावर बसू लागलात. सखूनं काकूंकडे तक्रार केली, "आवं, तुमचं मालक माजं बोलनं लिवून घेत्यात. माज्यावर काय खटला हाय का?" तुम्ही मला पटवत होतात की कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरकडे, बाया स्वतःबद्दल बोलताना गड्यांसारखंच बोलतात. कानडीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांत फरकच नाही, तो वारा लागला असेल, असंही म्हणालात. मी म्हटलं, एका गवळणीच्या बोलण्यावर अठराव्या शतकाचा निर्णय होत नाही. तुम्हाला ते लागलं, कारण ते तुमचंच वाक्य होतं. दुसऱ्या कुणाला तरी तुम्ही ते एकदा ऐकवलं होतं.

मग तुम्ही सरळ मलाच विचारलंत. "तुम्ही सांगलीकडच्या. तुमच्या घरी, शेजारीपाजारी बाया काय म्हणतात? आले की आलो?"

मी म्हटलं, "आले."

वर आणखी म्हटलं, "कुणी अगदीच अडाणी असेल तर माहीत नाही."

तुम्ही मान हलवलीत. बाईबद्दलचं अर्धं पान लिहून ठेवलं होतंत, त्यावर तिरकी रेघ ओढलीत. "तिकडची साक्ष अशी असेल तर माझं म्हणणं टिकत नाही," म्हणालात. मी जिंकले होते. परतताना कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मला काहीच दिसलं नाही.

अप्पा, आमच्या घरी सगळ्या 'आलो'च म्हणतात. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणते, मावशी म्हणते, मळ्यातल्या झाडून साऱ्या बाया म्हणतात. आणि सतराव्या वर्षापर्यंत मीही म्हणत होते. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मुलींच्या पंगतीत म्हटलं, "मी जेवून आलो." अख्खी पंगत हसली. एक जण म्हणाली, "अगं बाई, हा कोण आला?" त्या दिवसापासून मी न्हाणीघरात कडी लावून घोकायची: आले, गेले, बसले, येते, जाते. महिनाभरात जीभ सरळ झाली. पुढं शिक्षिका झाले, तेव्हा खेड्यातनं आलेल्या पोरींच्या वह्यांवर तांबड्या शाईनं तेच करत राहिले. अव्वा शाळेत भेटायला आली की मी तिला वर्गापासून लांब, विहिरीकडे घेऊन जात असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा समोर तुम्ही नव्हता, ती पंगत होती. मी पंगतीला उत्तर दिलं.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तुम्ही अंथरुणाला लागला होता. श्वास पुरत नव्हता, तरी कविता वाचायला लावलीत. मी वाचली. तुम्ही डोळे मिटून होता. म्हणालात, "मला अजूनही ती बाईच ऐकू येते. पण पुराव्याशिवाय छापायचं नाही, हे मीच तुम्हाला शिकवलं." माझ्या ओठावर आलं होतं, अप्पा. तेवढ्यात काकू काढा घेऊन आल्या, तुम्ही लहान मुलासारखं तोंड वाकडं केलंत, आम्ही दोघी हसलो आणि ती वेळ गेली. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. बुधवारी तार आली.

तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सखू दूध घालायला आली. काकू आत होत्या. मी ओट्यावर गॅल्या घेऊन बसले होते, म्हणजे नुसतीच बसले होते. सखू म्हणाली, "वाचा की जरा. अप्पा वाचायचं, तवा बरं वाटायचं. कळायचं न्हाई फारसं, पर बरं वाटायचं."

मी वाचू लागले. ती घागर बाजूला ठेवून पायरीवर टेकली. एका कडव्यात येतं की रोज एक भाकर जास्तीची थापतो, ती सांजेपर्यंत झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालतो. या कडव्यावर मी टीप लिहिली होती, 'यावरून हा चाकर स्वयंपाकघरातील असावा.' सखूनं मला तिथंच थांबवलं.

"बाई हाय ही."

"कशावरून?"

"आवं, चाकर कशाला जादा भाकर थापंल? आन थापलीच तर सांजच्याला सोता खाईल की. माजा ल्योक जर्मनच्या लढाईवर गेलता. चार वर्सं. मी रोज एक भाकर त्याच्या नावाची करायचो. कुनाला खाऊ दिली न्हाई. गाईला घालायचो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हिचं दुसरं काय हाय?"

मी विचारलं, "मुलगा परत आला?"

"आला की! त्योच आता म्हशी पिळतो. लय खातो मेला."

मी हसले आणि मग, अप्पा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडले. सखूला वाटलं मी तुमच्यासाठी रडते आहे. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एका अर्थी ते खरंच होतं.

पुरावा म्हणतात तो आणखी काय असतो? दोन शब्द एका बाजूला ओढणारे होते, धनी आणि आलो. दोन्हींना दोन अर्थ. पण भाकरीला एकच अर्थ होता. तो आपल्या दोघांनाही दिसला नाही, कारण आपण दोघांनीही भाकरी कधी थापली नव्हती. तुम्ही बामणाघरचे पुरुष, मी सतराव्या वर्षापासून वसतिगृहात आयतं जेवलेली मास्तरीण. तुमच्या कानाला मात्र ती बाई ऐकू आली होती. माझ्याच कानात तेवढी पंगत बसली होती.

काकूंना मी तिथंच सगळं सांगून टाकलं. वाटलं रागावतील. त्या उठून आत गेल्या आणि तुमची ती सखूची वही घेऊन आल्या. "हे तुला दाखवायचं की नाही, असं मला झालं होतं," म्हणाल्या. शेवटून तिसऱ्या पानावर तुमच्या अक्षरात माझं नाव आहे. राजमतीबाई. खाली लिहिलंय: "वाद फार पेटला की उठून उभ्या राहतात आणि म्हणतात, मी चाललो सांगलीला! आजवर चार वेळा ऐकले. त्यांस ठाऊक नसावे." त्याखाली रेघ मारून: "त्यांनी आपण होऊन सांगितल्याखेरीज वापरू नये."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी 'आले' म्हणून तोंडावर खोटं बोलले, तेव्हा तुमच्या वहीत चार 'चाललो' होते आणि तरी तुम्ही स्वतःच्याच पानावर रेघ ओढलीत. अंथरुणावर 'पुरावा नाही' म्हणालात, तेव्हाही ती वही उशाशीच होती. मला आधी तुमचा राग आला. एवढी वर्षं भांडलो, एवढं एकदा भांडायला काय झालं होतं? तिथंच वही काढून नाकासमोर धरायची होती. मग कळलं की साक्षीदाराच्या तोंडून काढून घेतलेली साक्ष तुम्हाला नको होती, दिलेली हवी होती. तुम्ही वाट बघत होता. एवढं कुणी माझी वाट बघेल, असं मला वाटलं नव्हतं.

तर अप्पा, ही घ्या साक्ष. 'कवी अज्ञात' काढून मी तिथं 'कवयित्री अज्ञात' केलं आहे. चाकराची टीप खोडली. तुमचं रेघ मारलेलं अर्धं पान शब्दही न बदलता तुमच्या नावानं छापते आहे. त्याच्या खाली सखूचं म्हणणं सखूच्या नावानं आहे, जसं बोलली तसं. आणि त्याच्या खाली माझं: कोणत्या गावची, कोणत्या घरची, सतरा वर्षं काय बोलत होते आणि का सोडलं. शाळेतले काय म्हणतील, ते म्हणोत. आज तिसरीच्या वर्गात एका पोरीनं निबंधात 'मी आजीबरोबर मळ्यात गेलो' असं लिहिलं. मी तिच्या वहीवर तांबडी शाई लावली नाही. आजीला गाणी येतात का, एवढं विचारलं. म्हणाली, लय येत्यात.

अंक बंद पडणार नाही. काकूंनी स्पष्ट सांगितलंय, "त्यांचं शतक अजून निम्मं पडलंय, आपण थांबायचं नाही." त्या आता मोडी शिकायला बसल्या आहेत, साठीला. पहिल्याच दिवशी माझी एक चूक काढली.

एक शेवटचं, ते तुम्हाला नाही, आपल्या कंपोझिटरला. गोविंदराव, हे पान तुम्हीच जुळवाल. शंका आली की तुम्ही आपल्या मनानं दुरुस्त करता आणि बहुतेक वेळा बरोबर करता. यावेळी हात आवरा. खाली जे आहे ते माझ्या हातून चुकून आलेलं नाही, पूर्ण शुद्धीवर लिहिलंय, आणि ते अप्पांना वाचून दाखवायचं आहे, मोठ्यानं.

अप्पा, शनिवारी पहिल्या गाडीनं मी साताऱ्याला येतो.